दोरीचं दुसरं टोक

रविवारी गल्लीतली पोरं बारामतीच्या कॅनॉलवर पोहायला निघाली, की शेजारचे अगडबंब तात्या लुनावरून दोरी घेऊन हजर. "पाण्याला वढ हाय, वढ हाय," असं पुटपुटत पोरांनी तरंगायला पाठीवर बांधलेल्या रिकाम्या डब्यांच्या गाठी ओढून बघायचे. स्वतः मात्र कधी भिजलेले दिसले नाहीत.

माझी लेक पहिल्यांदा उतरणार, त्या दिवशी तात्यांनी दोरीचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या.

"तुम्ही असल्यावर काळजी नाही," मी म्हटलं.

"मला कुठं पवता येतंय, ताई!"

"मग ही दोरी कशाला?"

गाठ आवळत ते म्हणाले, "एवढीशी पोर बुडाली तर कुणाला कळत बी न्हाय. माझ्यासारखं धूड पडलं, की समदा कॅनॉल वळून बघंल."