शेळ्यांनी राखलेली चिंच

रात्रभर कोरडा वारा सुटला होता आणि सकाळी परसातल्या प्रत्येक कुंडीच्या काठावर धुळीची रेघ बसली होती. थंडी सरत आली होती, पण उन्हाला अजून धार नव्हती. कुंडीकाकू बाह्या सारून चाळण्या घेऊन बसल्या होत्या. विटांचा चुरा, जाड वाळू, कुजलेला पाला. जाड राहील ते कुंडीच्या तळाला, मधलं मुळांभोवती, आणि पीठ झालेलं फेकून द्यायचं, कारण त्यात पाणी तुंबतं नि मुळं कुजतात. हे काम काकू एरवी गप्पा मारता मारता करायच्या. त्या सकाळी मात्र मधलं आणि पीठ एकाच घमेल्यात पडत होतं. टेम्पो पुसणाऱ्या नवऱ्यानं ते बघितलं आणि विचारलं, चाळणीची भोकं मोठी झालीत की बायकोची नजर बारीक झालीय? काकू हसल्या नाहीत. एरवी त्याला दोन ऐकवल्याशिवाय सोडलं नसतं.

आठवडाभर हे असंच चाललं होतं. परसाच्या कोपऱ्यात, फळ्या ठोकून केलेल्या खोक्यात, ओल्या गोणपाटाखाली चिंचेचा एक बुंधा होता, आणि काकूंना त्या कोपऱ्याकडं बघवत नव्हतं. पाणी मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

झाडांचा हा नाद काकूंना नर्सरीत लागला. लग्न झाल्यावर त्या तिथं पिशव्या भरायच्या कामाला होत्या. सरळ, टवटवीत रोपं गिऱ्हाईक आधी उचलून न्यायचं. मागच्या ओळीत उरायची ती कलंडलेली, मधूनच मोडलेली, पिशवी फाडून मुळं जमिनीत घुसवून बसलेली. मालक ती उपटून उकिरड्यावर टाकायला सांगायचा. काकू म्हणायच्या, टाकायचीच तर मला द्या. मालकानं त्यांचं नाव 'भंगार' ठेवलं आणि रोपं देऊन टाकली. काकू घरी आणून ती निम्म्यावर छाटायच्या, वर्षभर जमिनीत जाड होऊ द्यायच्या, मग मुळं आखडून उथळ कुंडीत बसवायच्या आणि तार गुंडाळून फांद्यांना वळण लावायच्या. आधी खिडकी भरली, मग गच्ची, मग परस. गल्लीनं 'भंगार' पुसून 'कुंडीकाकू' केलं.

पण नर्सरीच्या झाडाला जाडी येते, वय येत नाही. हे कळलं तसा काकूंचा पाय बाहेर पडायला लागला. पाडायला काढलेल्या घरांच्या भिंती, रुंद होणारे रस्ते, बुजवायला घेतलेले चर. नवऱ्याचा टेम्पो असायचाच. तो म्हणायचा, लोकांच्या बायका दुकानासमोर थांबवतात, माझी खड्ड्यासमोर. काकूंनी स्वतःला एक अट घालून घेतली होती: जे झाड उद्या यंत्राखाली जाणारच आहे, तेवढंच काढायचं. जिथं आहे तिथं बरं चाललेल्या झाडाला हात लावायचा नाही. ही अट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, पण तिच्या जोरावर त्या निवांत झोपत होत्या.

मग माळावर ती चिंच दिसली.

शहराबाहेर खडकाळ उतारावर एक म्हातारा शेळ्या चारायचा. त्याच्या बापापासून शेळ्या त्याच माळावर. चिंचेला कोंब फुटला की शेळी यायची आणि खुडून जायची. पुन्हा फूट, पुन्हा खुडणं. झाड मुळी गुडघ्याच्या वर गेलंच नव्हतं. पण बुंधा मांडीएवढा, सालीला भेगा, आणि प्रत्येक खुडलेल्या जागी गाठ. माणसानं जन्मभर कात्री चालवली तरी जमलं नसतं असं काम शेळ्यांनी नुसत्या दातांनी केलं होतं. काकू त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि उठेनात. शेवटी नवऱ्यानं हॉर्न वाजवला.

असं झाड लगेच उपटलं की मरतं. आधी त्याला दोन वर्षं भरपूर पानं येऊ द्यावी लागतात, अंगात जोर साठू द्यावा लागतो. काकूंनी म्हाताऱ्याला एवढंच सांगितलं, की बाबा, झाड दमलंय, शेळ्यांना जरा लांब ठेवा. म्हाताऱ्याला ते पटलं. त्यानं काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. शेळ्यांच्या डोणीतलं उरलेलं पाणी तो आपणहून झाडाला घालायला लागला. पहिल्या वर्षी काकूंनी एका बाजूनं चर खणला, जाड मुळं तोडली, चर वाळू नि पाल्यानं भरला, म्हणजे आतल्या आत बारीक मुळं फुटावीत. तेव्हा पहार म्हाताऱ्यानं धरली होती. मुळं तोडली तर झाड मरणार नाही का, असं त्यानं विचारलंसुद्धा. काकू म्हणाल्या, उलट नवी फुटतात. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या वर्षी दुसरी बाजू. म्हाताऱ्याला वाटलं, झाडाला औषधपाणी चाललंय.

आणि झाड खरंच उठलं. दोन वर्षांत फांद्या म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत आल्या. त्या माळावर सावली अशी नव्हतीच. म्हातारा आता दुपारी तिथं जाऊन बसायचा. पाय उन्हात, डोकं सावलीत. काकू गेल्या की कौतुकानं दाखवायचा. दोनेक वर्षांत पायही सावलीत येतील, असं म्हणायचा. झाड न्यायचंय, हे त्या वेळी सांगायला हवं होतं. काकू डबा उघडायच्या, दोघं खायचे, शेळ्यांच्या खोड्यांवर हसायचे, आणि काकू टेम्पोत येऊन बसायच्या. नवरा विचारायचा, सांगितलंस? काकू म्हणायच्या, पुढच्या खेपेला.

या वर्षी थंडी सरायला लागली आणि चिंचेच्या फांद्यांवरचे डोळे फुगले. काढायची वेळ तीच. पानं फुटली की उशीर होतो. म्हातारा सहज बोलून गेला होता की तो लेकीकडं जाणार आहे, शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली करून. तो गेला त्याच सकाळी काकूंनी नवऱ्याला टेम्पो काढायला लावला. दोघांनी बुंधा मुळासकट खणून टेम्पोत चढवला. परतीच्या वाटेत नवऱ्यानं रेडिओ लावला नाही. माळावर खड्डा पडला होता. निघण्याआधी काकूंनी तो माती लोटून बुजवला आणि काटेरी कुंपण जसंच्या तसं राहू दिलं. का राहू दिलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या धुळीच्या सकाळी दार वाजलं. सुनेनं उघडलं आणि आत येऊन म्हणाली, शेळ्यांचे बाबा आलेत. काकूंच्या हातातली चाळण खाली गेली.

म्हातारा खांद्यावर लेंडीखताचं अर्धं पोतं घेऊन आला होता. परसात आला, पोतं ठेवलं, उलट्या घातलेल्या कुंडीवर बसला. पाणी प्यायला, पण तोंड पडलेलंच. बराच वेळ तो चपलेनं माती उकरत राहिला.

"पोरी, तुला तोंड दाखवायला जागा नाही मला," तो म्हणाला. "चिंच गेली आपली. कुणीतरी मुळासकट नेली. मी चार दिवस लेकीकडं काय गेलो, घात झाला. तू दोन वर्षं जपलंस, आणि मला राखता आलं नाही."

काकू उभ्याच होत्या. म्हातारा सांगत राहिला. त्यानं शेजाऱ्याला फैलावर घेतलं होतं. चुली पेटवायला कुणी नेली असेल म्हणून वस्तीत घरोघरी विचारून आला होता, दोन घरांशी भांडणही झालं होतं. एवढ्या लांब चालत तो काकूंची माफी मागायला आला होता.

सुनेनं चहा आणला, सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि ट्रे ठेवून आत गेली. नवरा टेम्पोचा तोच आरसा पुन्हा पुन्हा पुसत होता.

गप्प राहिलं असतं तर म्हातारा चहा पिऊन निघून गेला असता. गोणपाटाखाली काय आहे ते त्यानं विचारलं नसतं. छाटलेला, पान नसलेला बुंधा बघून त्याला ओळखताही आलं नसतं. हे सगळं काकूंच्या मनात आलं, आणि आलं याचीच त्यांना शरम वाटली.

"बाबा, लोकांशी भांडू नका," त्या म्हणाल्या. "झाड इथं आहे. मी आणलंय."

त्यांनी कोपऱ्यात जाऊन गोणपाट काढलं. म्हातारा उठून जवळ आला. फांद्या सगळ्या उतरवलेल्या होत्या, तोडलेल्या जागी मेण लावलेलं होतं. त्याला पटेना. मग त्यानं बुंध्यावरून हात फिरवला, गाठींवरून एकेक बोट नेलं आणि एका गाठीपाशी थांबला.

"ही काळी शेळी," तो म्हणाला. "इथली फूट तीच खुडायची."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, आता हे मोठं कधी होणार. काकूंनी सांगितलं, मोठं होणार नाही. फूट येईल ती खुडायची. एवढंच राहील, कुंडीत.

"खुडायचीच होती, तर माझ्या शेळ्यांचं काय चुकलं होतं?"

तो रागानं बोलला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. काकू म्हणाल्या, वर्ष जाऊ द्या, मुळं धरली की माळावर नेऊन लावते. आत्ता हलवलं तर मरेल. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं. गेली दोन वर्षं त्यानं त्यांचा शब्द न् शब्द खरा मानला होता. आता तो शब्द तोलून बघत होता, आणि ते काकूंना दिसत होतं.

चहा त्यानं घेतला, उभ्यानंच. कप स्वतः ओट्यावर नेऊन ठेवला. दाराशी थांबून म्हणाला, "मी लेकीकडं जाणार, हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. नवरा म्हणाला, बाबा, माळापर्यंत सोडतो. म्हाताऱ्यानं नको म्हटलं. वाटेत वस्ती लागते, म्हणाला, तिथं दोन घरांत थांबून काही सांगायचंय. आणि तो गेला.

काकूंनी गोणपाट बादलीत भिजवून पिळलं आणि पुन्हा बुंध्यावर घातलं. ऊन कुंपणाच्या भिंतीवर चढलं होतं. पुढच्या ओळीतली नर्सरीची रोपं मान टाकायला लागली होती. त्यांनी नळाला पाइप लावला, तोंडावर अंगठा धरला आणि एका टोकापासून पाणी द्यायला सुरुवात केली.