मिस्तरींच्या हातातलं माप

मिस्तरी गल्लीतून चालायचे तेव्हा कधीकधी त्यांचे दोन्ही हात पुढे पसरलेले असायचे आणि दोन तळव्यांच्या मधे काहीच नसायचं. मोठं पातेलं धरून निघालेल्या माणसासारखे ते सावकाश पावलं टाकत येत. अशा वेळी कुणी "काय मिस्तरी, कुठं निघालात?" असं विचारलं की ते जागीच थांबत आणि मान न वळवता म्हणत, "बोलू नका, माप सांडंल!"

त्या तळव्यांमधे कुठल्यातरी मशीनची रुंदी असायची. मशीनसमोर उभं राहून ती हातात घ्यायची आणि जिथे मशीन ठेवायचा विचार आहे तिथपर्यंत तशीच न्यायची, ही त्यांची रीत. मापाचा टेप त्यांच्याकडे होता, पण तो नेहमी कुठल्यातरी मशीनखाली गेलेला असायचा. तो काढायला मशीन हलवायचं आणि हलवायला आधी जागा हवी. म्हणून आपले हातच बरे.

श्रीरामपुरात आमच्या गल्लीत ते आमच्या आधीपासूनचे. बाजारात त्यांचं भाड्याचं दुकान होतं, ते मालकानं परत घेतलं. त्या दिवशी टेम्पोभर लोखंड आणि लाकूड त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आलं. पुढच्या खोलीत गॅस, देव आणि मिस्तरींची खाट. बायको वारलेली, लेक सविता लग्न होऊन गेलेली. मागची खोली म्हणजे आता कारखाना. त्यात करवतीचं मशीन, लाकूड गोल कातायचा खराद, लाकूड दाबून धरायचे माणसाएवढे लांब शिकंजे आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ असावा तसं ते रंधा मशीन. फळीवर रंधा फिरवायचं काम ते एकटं करायचं, पण त्याला जागा मात्र चौघांची लागायची.

त्या खोलीत मिस्तरी काम कसं करत हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. रंधा चालवायचा तर करवत अंगणात. करवत चालवायची तर खराद अंगणात. खराद चालवायचा तर स्वतः मिस्तरीच अर्धे अंगणात. संध्याकाळी सगळं परत आत जायचं आणि दर वेळी एक नग बाहेर उरायचा. सकाळी आत मावलेली वस्तू संध्याकाळी का मावत नाही, या प्रश्नानं ते डोकं धरून पायरीवर बसत. मी पोस्टातून घरी येताना विचारायची, "आज काय उरलं, मिस्तरी?"

"जागा हाय, वैनी," ते म्हणायचे. "सापडत न्हाई एवढंच."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की रेल्वेच्या डब्यातही ते उभे राहून हेच म्हणत असतील, असं आमचे हे म्हणायचे.

एका रविवारी दुपारीच ते आमच्या दारात आले. हात पसरलेले. मी काही बोलणार तोच त्यांनी मानेनंच नको म्हटलं, सरळ आमच्या बोळकंडीत गेले, भिंतीला तळवे लावले आणि मोठा श्वास सोडला. "बसतंय," म्हणाले. "वैनी, रंधा चार दिवस तुमच्याकडं राहू द्या."

मी का म्हणून विचारलं. म्हणाले, खोलीत ओल आली आहे. संध्याकाळी शेजारच्या सिस्टर भेटल्या. या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, चर्चच्या अलीकडे राहणाऱ्या, जुन्या शेजारीण. त्या म्हणाल्या, "अहो, मिस्तरींनी करवतीचं मशीन माझ्या पडवीत आणून ठेवलंय. फरशी बसवतायत म्हणे." समोरच्या घरी खराद गेला होता, तिथे सांगितलं होतं की उंदीर झालेत. ओल, फरशी आणि उंदीर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माणूस खोटं बोलतोय हे कळत होतं, पण इतकं गोंधळून कुणी खोटं बोलत नाही, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शिकंजे आमच्या पलंगाखाली सरकवताना त्यांनी खरं सांगितलं.

"सविता येती हाय. फोनवर म्हनली, चार दिवस ऱ्हाते. पन शिलाई मशीन घिऊन येती हाय. चार दिवसाला कुनी शिलाई मशीन आनतं का, वैनी?"

मी शिकंज्याचं दुसरं टोक धरून आत लोटलं.

"मी तिला म्हनलो, मी मशीनं इकली. धंदा बंद केला, मागली खोली मोकळीच पडली हाय. तिच्यासाटी काडली म्हनलं असतं तर ती उंबरा वलांडायची न्हाई. लई मानी हाय. तुमी सांगू नका."

सविता आली. का आली हे गल्लीत कुणी विचारलं नाही. मागच्या खोलीत तिनं शिलाई मशीन मांडलं आणि आठवड्याभरात बायका ब्लाऊजची कापडं घेऊन जायला लागल्या. मिस्तरी सगळ्यांना सांगायचे, "पोरीच्या हाताला लई सफाई हाय." त्यांना सगळं मिळालं होतं. फक्त धंदा बंद केलेल्या माणसानं दिवसभर धंदा करायचा कुठे, एवढीच पंचाईत होती.

इथून पुढे जो घोळ झाला तो तुम्ही पाहायला हवा होता. मिस्तरी सकाळी लेकीला सांगून निघत, "स्टेशनावर बसाया जातो." मग फळ्या घेऊन आमच्या बोळकंडीत रंधा, सिस्टरांच्या पडवीत करवत, समोर खराद. कुठली वस्तू कुठल्या घरी आहे हे त्यांना कधीच आठवायचं नाही. शिकंजे आमच्या पलंगाखाली असताना ते सिस्टरांच्या कपाटामागे शोधत. सिस्टरांच्या जेवणाच्या टेबलावर गोंद लावून ठेवलेले पाय आमच्याकडे मागत. एकाच टेबलाचा वरचा भाग एका घरात, पाय दुसऱ्या घरात आणि खण तिसऱ्या घरात तयार होत होते. ते जोडायच्या वेळी आमच्या सगळ्यांच्याच नाकी नऊ यायचे. संध्याकाळी मिस्तरी स्टेशनावरून परत येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर लाकडाचा भुसा असे.

एकदा त्यांनी आमच्या बोळकंडीत एक कपाट जोडलं. सुंदर झालं होतं. शिकंजे काढले, पॉलिश झालं, गिऱ्हाइकाचा टेम्पो दारात आला आणि तेव्हा लक्षात आलं की कपाट आमच्या दारातून बाहेर जात नाही. उभं जाईना, आडवं जाईना. मिस्तरींनी दाराकडे हात पसरले, कपाटाकडे हात पसरले आणि डोकं धरून खाली बसले.

"दुकानाचं दार लई मोटं व्हतं हो," ते म्हणाले. "हाताला त्येच दार ठावं."

मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. शेवटी आमच्या दाराची चौकट उतरवली, कपाट बाहेर काढलं आणि चौकट परत बसवली. तेव्हापासून आमचं दार थोडं करकरतं.

आणखी एक भानगड आवाजाची होती. रंधा सुरू झाला की आख्खी गल्ली दणाणायची. पहिल्याच आठवड्यात सवितानं मला विचारलं, "काकू, तुमच्याकडं कसला आवाज येतो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मिक्सर गं. जुना झालाय." ती हो म्हणाली. पुढे महिनाभरानं पाण्याच्या टाकीजवळ भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, "किती चटण्या वाटता हो काकू!" तिच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसेना. मी घरी येऊन यांना विचारलं, "हिला कळलंय का?" हे म्हणाले, "मला काय विचारतेस? मला तर कुणाला काय सांगायचं नाही तेच आठवत नाही."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारागीर हत्याराला हात लावत नाही, फक्त पूजा करतो, आणि सगळी हत्यारं एका जागी मांडून करतो. मिस्तरींनी घरी देवासमोर हातानं मारायचा छोटा रंधा, पटाशी आणि हातोडी एवढंच मांडलं. बाकीचं तर विकलेलं होतं ना! मग स्टेशनावर जातो म्हणून निघाले. सदऱ्याच्या एका खिशात झेंडूची फुलं, दुसऱ्यात हळदकुंकवाची पुडी. आमच्या रंध्याला त्यांनी फूल वाहिलं, नमस्कार केला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "औंदा सगळी लांब लांब हायती." सिस्टरांनी करवतीवरची आपली कुंडी काढून मशीन पुसून ठेवलं होतं. त्यांनी मिस्तरींना चहा दिला आणि ते पूजा करत असताना स्वतः डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी सविता आपट्याच्या पानांचं विचारायला आमच्याकडे आली. बोळकंडीतच बसली. मी तिला चहा दिला आणि तिनं कप सहज बाजूच्या टेबलावर ठेवला. ते टेबल म्हणजे रंधाच, त्यावर मी चादर टाकली होती, पण चादरीच्या वर झेंडूचं फूल आणि हळदकुंकू होतं. सवितानं फुलाकडे पाहिलं, कप उचलला, पदरानं त्याचा ओला गोल पुसला आणि कप हातातच धरून चहा प्यायली. जाताना म्हणाली, "चांगलं टेबल आहे, काकू."

दिवाळीनंतर तिनं मला एक शिवलेलं कव्हर आणून दिलं. जाड निळ्या कापडाचं. "उरलेल्या कापडाचं केलंय, तुमच्या टेबलासाठी." मी ते रंध्यावर घातलं. चारी बाजूंनी तंतोतंत बसलं आणि मागे जिथून वायर बाहेर येते तिथे तिनं काजाला घालतात तसा टाका घालून भोक ठेवलं होतं. सिस्टरांच्या 'टेबला'लाही तसंच आलं, समोरच्यांनाही आलं.

मी मिस्तरींना एकट्यात गाठलं. "सविताला कळलंय का हो?"

"काय?" ते म्हणाले.

"हे मशीन."

त्यांनी कव्हरावरून हात फिरवला, वायरच्या भोकापाशी बोट थांबवलं. मग म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई ना?"

"नाही."

"मंग मी बी न्हाई सांगितलं," असं म्हणून ते कामाला लागले. कोण कुणापासून काय लपवतंय याचा मला त्या दिवसापासून पत्ता लागला नाही. संध्याकाळी मात्र सविता दारात उभी राहून त्यांच्या भुवयांवरचा भुसा टॉवेलनं झटकायची आणि विचारायची, "आबा, स्टेशनावर गर्दी होती का?" ते म्हणायचे, "लई." अशी काही वर्षं गेली. ती दोघं एकमेकांना किती जपत होती हे आठवलं की आजही मला भरून येतं.

गेल्या पावसाळ्यात मिस्तरी थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेले. आमच्याकडे रंधा होता तसा होता. मी त्याच्यावर दळणाचा डबा ठेवायची आणि दर वेळी उचलून घ्यायची. कुणाला परत द्यायचा, द्यायचा का, सविताला सांगायचं तर काय सांगायचं, काहीच सुचत नव्हतं. जे तिला माहीत आहे तेच तिला कसं सांगायचं?

त्यांचं दहावं-तेरावं झाल्यावर एका सकाळी मी अंगणात होते. मिस्तरींच्या दारात त्यांच्या खाटेच्या फळ्या भिंतीला उभ्या केलेल्या दिसल्या. ती खाट त्यांनीच केलेली, खुंट्या काढल्या की सुटी होणारी. पुढच्या खोलीत खाटेच्या जागी नुसती फरशी होती, आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ.

सविता त्या मोकळ्या जागेत उभी होती. तिनं वाकून दोन्ही हात त्या उजळ फरशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरले, तशीच सावकाश उभी राहिली आणि बाहेर आली. पायरी उतरली. हात पुढे, तळव्यांच्या मधे काही नाही. गल्लीतून सरळ आमच्या घराकडे यायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी फाटक उघडून बाजूला झाले आणि एक शब्दही बोलले नाही.