तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल?

आमचे बाबा, आनंद सबनीस, बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं विमानाचं इंधन तपासत होते. स्वतः मात्र एकदाही विमानात बसलेले नाहीत. माझ्या पीएचडीच्या पाहणीसाठी विमानतळावर प्रवाशांना प्रश्न विचारायचेत म्हटल्यावर ते लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

मुख्य प्रश्न एकच होता: पर्यावरणासाठी दिल्लीला विमानाऐवजी रेल्वेने जाल का? बाबांनी विचारलं आणि चाळीसच्या चाळीस जण ‘हो’ म्हणाले. मी हरखले. बाबा भडकले.

“अगं, सगळे खोटं बोलतायत! पिकल्या केसांच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल बडोद्यात? ‘हा काका, चोक्कस’ म्हणतात आणि विमान पकडायला पळतात. नमुनाच बिघडलाय, फेकून दे!”

त्यांनी कुठूनसं मिठाईचं रिकामं खोकं आणलं, झाकणाला पेनाने फट पाडली आणि त्याच्याकडे पाठ करून नव्या प्रवाशांना तोच प्रश्न विचारायला उभे राहिले. “नाव लिहू नका! कागद खोक्यात टाका!”

मांजलपूरला घरी येऊन आम्ही खोकं उघडलं. चाळीसपैकी बत्तीस ‘नाही’!

“हा खरा आकडा!” बाबांनी टाळीच वाजवली.

सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यांच्या आधी टाकलेला एक कागद निघाला. प्रयोगशाळेच्या वहीतलं तेच नेटकं अक्षर: ‘एरवी रेल्वेनेच जातो. पण दिल्लीहून मुलाने तिकीट पाठवलंय आणि खिडकी मिळालीय. नाही!’