सातारा, तीन

निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला पार्किंगमधून स्कूटर काढत होते. ‘काकू, आई गेली. तुम्ही या,’ एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं, स्कूटर परत स्टँडवर लावली आणि तिथेच उभी राहिले. त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं ते आज पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण ते लिहिलं नाही तर पुढचं सगळंच खोटं ठरेल. मला वाटलं, सुटले. आता माफी मागायला नको... रडू आलं ते त्यानंतर.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, निखिलची आई. कसबा पेठेतल्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं आणि त्या सहकारनगरला राहायच्या, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते मी त्यांना सांगत आले. हॉस्पिटलमध्ये आदल्याच दिवशी त्यांच्याजवळ अर्धा तास बसले होते. खोलीत आम्ही दोघीच. बोलायचं ठरवूनच गेले होते. ‘ये. चहा घेतलास का?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि अर्धा तास स्वारगेटच्या ट्रॅफिकबद्दल बोलले. त्या ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, ‘जा आता, नाहीतर परत अडकशील.’

जे बोलायचं राहिलं त्याची सुरुवात एका खेळापासून होते. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेने, सायलीने, बंगळूरहून येताना एक शब्दांचा खेळ आणला. टेबलावर पंचवीस शब्दांचे पत्ते मांडायचे. दोन संघ. त्यांतले आपले शब्द कोणते हे प्रत्येक संघात एकालाच ठाऊक असतं. त्याने जोडीदाराला एक शब्द आणि एक आकडा, एवढीच खूण द्यायची. म्हणजे ‘पाणी, तीन’ म्हटलं की जोडीदाराने पाण्याशी नातं असलेल्या आपल्या तीन शब्दांवर बोट ठेवायचं. पंचवीसमधला एक शब्द काळा. त्यावर बोट पडलं की डाव तिथेच हरला. मूळ पत्ते इंग्रजीत होते. ‘हा खेळ आहे की मुलाखत?’ म्हणत वहिनींनी ते बाजूला सारले, जुन्या लग्नपत्रिका कापायला घेतल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर फळ्यावरच्या अक्षरात मराठी शब्द लिहून काढले. रिक्षा, वकील, मोगरा, खिळा, जांभई... महिनाभरात तीनेकशे शब्द झाले.

मी सुरुवातीला अगदीच ढ होते. वहिनींची आणि माझी जोडी, आणि आम्ही दर रविवारी दुपारी हरायचो. मी ‘भाजी, दोन’ म्हणायचे आणि टेबलावर भाज्या निघायच्या चार. ‘तू शब्दांकडे बघत बसतेस,’ वहिनी एकदा म्हणाल्या. ‘समोर कोण बसलंय तिकडे बघ. ‘भाजी’ म्हटल्यावर मला काय आठवेल ते शोध.’ मग मी तसं बघायला लागले. एका रविवारी मी ‘मार्केट यार्ड, तीन’ अशी खूण दिली आणि वहिनींनी झेंडू, चप्पल आणि पोलीस यांवर पटापट बोट ठेवलं. दसऱ्याची फुलं आणायला गेलो असताना माझी चप्पल तुटली होती आणि एका हवालदाराने ती बांधायला सुतळी दिली होती. निखिल म्हणाला, ‘काकू, हे तर सरळसरळ मॅच फिक्सिंग आहे.’

त्यानंतर आम्हाला हरवणं अवघड झालं. घरात कौतुक व्हायला लागलं आणि मला ते आवडायला लागलं. आयुष्यात मी कशात पहिली आलेली नव्हते. शेवटी दादांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, एक नियम काढला. सरकारी नोकरीत हयात गेलेला माणूस. ‘पुराव्याशिवाय निकाल नाही,’ ते म्हणाले. जिंकलेल्या जोडीने हरलेल्यांना एका खुणेचा उलगडा करून सांगायचा. तो पटला नाही तर डाव रद्द. हा नियम आमच्या घराशिवाय जगात कुठे नसेल.

वहिनी निवृत्त झाल्या त्या वर्षीची गोष्ट. लसूण सोलता सोलता त्यांनी मला सांगितलं की लग्नाला बारा वर्षं झाली असताना एका सकाळी त्या घर सोडून गेल्या होत्या. नगरला शिक्षकांचं शिबिर आहे असं सांगून त्यांनी साताऱ्याची गाडी पकडली आणि स्टँडजवळच्या एका लॉजवर दोन दिवस काढले. खाटेवर बसून, खोलीची चावी हातात धरून. खाल्ली ती फक्त केळी. तिसऱ्या दिवशी परत आल्या. मी विचारलं, ‘काय झालं होतं वहिनी?’ तर म्हणाल्या, ‘काही झालं नव्हतं गं. काहीच होत नव्हतं, म्हणून गेले.’ मग सालं गोळा करत म्हणाल्या, ‘ह्यांना माहीत नाही हे. तुला सांगितलं, आता विसर.’

चार वर्षांपूर्वी गौरीच्या जेवणाला सगळे नातेवाईक त्यांच्याकडे जमले होते. जेवणं झाल्यावर डाव मांडला. एका बाजूला दादा आणि सायली, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी, भोवती वीसेक माणसं. दादा-सायलीचा एकच शब्द उरला होता, आमचे तीन. चावी, खाट, केळं. मला दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. शिवाय काळा शब्द होता पेढा! ‘सातारा’ म्हटलं तर दुसरं कोणीही पेढ्यावरच बोट ठेवेल, वहिनी मात्र ठेवणार नाहीत. इतकी देखणी खूण मी आजवर दिली नव्हती. मी म्हटलं, ‘सातारा, तीन.’

‘झालं,’ सायली हसली. ‘खाल्ला पेढा.’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्त्यांकडे. त्या मुद्दाम पेढ्यावर बोट ठेवू शकल्या असत्या, हे मला फार पुढे सुचलं. त्यांनी चावीवर ठेवलं, खाटेवर ठेवलं, केळ्यावर ठेवलं. टाळ्या पडल्या. दादा म्हणाले, ‘उलगडा. साताऱ्याचा आणि चावीचा संबंध काय?’

मी काहीही सांगू शकले असते. साताऱ्याला किल्ला आहे, किल्ल्याला दरवाजा, दरवाज्याला चावी... शब्द जुळवण्यात त्या घरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ते पटलं नसतं तर डाव रद्द झाला असता, आणि वीस माणसं बघत होती. मी हसत म्हणाले, ‘वहिनींनाच विचारा की दादा. साताऱ्याच्या लॉजवर दोन दिवस कोण राहिलं होतं, केळी खाऊन?’

‘लॉजवर?’ कोणीतरी हसलं. वहिनी पत्ते गोळा करायला लागल्या होत्या. ‘शाळेच्या कामाला गेले होते एकदा,’ त्या म्हणाल्या.

‘शिबिर नगरला होतं,’ दादा म्हणाले. मग म्हणाले, ‘पटलं. डाव तुमचा.’

वहिनी मला त्याबद्दल कधीही काही बोलल्या नाहीत. रविवार चालू राहिले, जोडीही तीच राहिली. फक्त त्यांच्या खुणा बदलल्या. ‘फळ, दोन.’ ‘रंग, तीन.’ कोणालाही कळतील अशा. मी दर वेळी वाट बघायचे, आता तरी त्या आमच्या दोघींचं काहीतरी बोलतील... आम्ही हरायला लागलो. सायली म्हणाली, ‘आई, हल्ली फार सेफ खेळता.’ ‘वय झालं,’ त्या म्हणाल्या, ‘लांबचं दिसत नाही.’ लसूण आम्ही त्यानंतरही सोलला. मी विचारायचे, कशा आहात? त्या म्हणायच्या, मजेत. चार वर्षं मजेत.

मागच्या आठवड्यात दादांकडे गेले होते. त्यांनी आपणहून विषय काढला. गौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना विचारलं होतं आणि वहिनींनी सगळं सांगितलं होतं. ‘आम्ही रोज तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायला लागलो, ते त्यानंतर,’ ते म्हणाले. ‘इतक्या वर्षांत बोललो नाही तेवढं बोललो. एका अर्थी तुझे उपकारच.’ मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली. मी विचारलं, ‘माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?’ ‘जाऊ दे ते,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘सांगा दादा.’

‘म्हणाली, माधुरीने तुमच्याजवळ चहाडी केली असती तर समजून घेतलं असतं. काळजीपोटी केली असं तरी म्हणता आलं असतं. तिने ते तीन पत्त्यांसाठी वापरलं.’

ते उपकार मला घेता येत नाहीत. त्या दोघांचं जे बरं झालं ते त्यांनी केलं. मी फक्त डाव जिंकले होते.

हा लेख छापायला देण्याआधी काल दादांना वाचून दाखवला. वहिनींची गोष्ट त्यांना न विचारता दुसऱ्यांदा चारचौघांत सांगायची नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ‘राहू दे सगळं,’ म्हणाले. ‘फक्त ‘त्या रागाने घर सोडून गेल्या होत्या’ असं लिहिलं आहेस, त्यातलं ‘रागाने’ काढ. ती रागावली नव्हती. माझा डबा भरून ठेवून गेली होती. भेंडीची भाजी होती. मी ती चवीने खाल्ली.’

वहिनींनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, काही झालं नव्हतं म्हणून. तरी मी राग लिहिला होता. तो शब्द मी खोडला आणि त्या जागी बसेल असा दुसरा शोधत कालची सगळी दुपार बसले... सापडला नाही. वाक्य त्याच्याशिवायच ठेवलं आहे.