लंगोट कापडाचाच!

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत पंधरा वर्षं चादरी उकळणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘वाफारे’ म्हणत. आडनाव नव्हे ते, बॉयलरपाशी उभं राहून लालबुंद झालेल्या तोंडावरून पडलेलं नाव. चाळिशीत त्याला मुलगी झाली. चौथ्या महिन्यात बायको ऑफिसात रुजू झाली आणि वाफारेने दुपारची पाळी मागून घेतली. सकाळभर लेक त्याच्याकडे, दुपारनंतर बायको येईपर्यंत पाळणाघरात.

लंगोट कापडाचेच, हे त्याने ठरवून टाकलं होतं. “लोकांची रक्तं, पू, औषधं मी धुतो. माझ्या पोरीची शी मला जड जाईल होय?”

त्याचं काम शिस्तीचं. घाण आधी संडासात झटकायची. लंगोट लगेच गार पाण्यातून काढायचा, कारण आधी गरम पाणी घातलं की डाग कायमचा मुक्कामाला येतो. मग झाकणाच्या कोरड्या बादलीत. भिजत घालून दोन दिवस विसरायचं नाही. रोज सकाळी कडकडीत पाण्यात बेताची पावडर, पाणी नितळ निघेपर्यंत खळबळणं आणि गॅलरीतलं ऊन. अर्धवट सुकलेला लंगोट त्याने कधी घडीत जाऊ दिला नाही.

समोरच्या गॅलरीतले एक काका रोज विचारत, “काय वाफारे, झेंडावंदन झालं का?”

“झालं की. तुमची सलामी तेवढी राहिली!”

मग त्याची मोठी बहीण पंधरा दिवस मदतीला आली. ताईला भावाचे ओले हात बघवेनात. “बाप्यामाणसाने लंगोट धुवायचे? सरक, मी बघते.” तिने धुण्याचा ताबाच घेतला. आठव्या दिवशी लेकीच्या मांड्या लालभडक झाल्या. हात लावला की पोर किंचाळायची.

पाळणाघरवाल्या बाईंनी ते पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले. “मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कापडात जंतू राहतात. सोमवारपासून तयार डायपर आणा, नाहीतर दुसरं पाळणाघर बघा.”

वाफारे पोरीला उचलून थेट डॉक्टरांकडे निघाला. आपलंच चुकलं असेल का? आपल्या हट्टापायी पोर सोसतेय का? डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाले, “दोष कापडाचा की धुण्याचा, ते घरी जाऊन बघा.”

घरी येऊन त्याने घडीतला एक कोरडा लंगोट जमिनीवर पसरला आणि त्यावर चमचाभर पाणी टाकलं. थेंब आत मुरेचना, अळवाच्या पानावर डुलावा तसा डुलत राहिला. मग तोच लंगोट नुसत्या गरम पाण्यात घालून ढवळला. धुतलेल्या कापडातून फेस वर आला. त्याने बहिणीला हाक मारली.

“ताई, धुताना यात काय घालतेस?”

“ते बाटलीतलं निळं, वासाचं. कापड मऊ होतं. शिवाय पावडर दुप्पट घेते, बाळाचं आहे म्हणून.”

“आणि खळबळतेस किती वेळा?”

“एकदा. पाणी काय फुकट येतं?”

तो रागाने बोलायला गेला, पण ताईचा चेहरा पाहून थांबला. ती रडकुंडीला आली होती. “अरे, मी चांगल्यासाठीच केलं.”

“माहितीये गं. पण वास म्हणजे स्वच्छता नव्हे. त्या निळ्याने कापड पाणी पीत नाही, आणि राहिलेला साबण पोरीला चावतो.”

त्याने सगळे लंगोट पावडरीशिवाय गरम पाण्यातून काढले. चार पाणी, पाच पाणी. सातव्या पाण्याला फेस संपला. मलम आणि ते साबण उतरलेले लंगोट, दोन्ही लागू पडलं. सोमवारी लेकीच्या मांड्यांवर फक्त फिकट गुलाबी छटा उरली होती.

कापडी लंगोटांची पिशवी घेऊनच तो पाळणाघरात गेला. बाईंसमोर लेकीला मोकळं करून म्हणाला, “बघा. त्वचा बरी झाली, कापड तेच आहे. साबण राहिला होता, चूक आमच्या घरची. जंतूंचं नाव घेऊ नका.”

“नियम म्हणजे नियम. मी हात लावणार नाही.”

“नका लावू. बदलायला मी येईन.”

“रोज?”

“रोज. हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच तर आहे. मध्ये ओला झाला तर मला फोन करा.”

बाईंना वाटलं, आठवडाभरात गडी थकेल. पण चहाच्या सुट्टीत चहा सोडून तो रस्ता ओलांडायचा, आधी कोपरापर्यंत हात धुवायचा, लंगोट बदलायचा, ओला पिशवीत घालून पळत परत. इतर पालक हसले, मुकादम कुरकुरला. तो सात महिने येत राहिला.

एके दिवशी पिळणीचं मशीन अडकलं आणि त्याला तासभर उशीर झाला. धापा टाकत पोचला तर लेक कोरडी होती, कापडी लंगोटातच. गाठ उलट्या बाजूला बसली होती. बाई खाली मान घालून हजेरी लिहीत होत्या. त्याने आभार मानले नाहीत; बाईंनी ते मागितलेच कुठे होते? गाठ सोडून नीट बांधली, पोरीचा गालगुच्चा घेतला आणि कामावर गेला.