मुलाखतीऐवजी एक दिवस काम

घरीदारी सगळे तिला चिमणीच म्हणत. आवाज बारीक, त्यात समोर चार अनोळखी माणसं बसली की तो आणखी बारीक. शिवणकामाच्या वर्गात तिचा हात सगळ्यात सुबक. पण मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की तिचं ततपप व्हायचं आणि नोकरी हातची जायची.

एकदा रोजगार कार्यालयाने बेकार मुलामुलींना बोलावलं. नोकरीची वाट सोपी कशी करायची, हे म्हणे मुलांनाच विचारायचं होतं. प्रत्यक्षात तिथल्या मॅडमनी सगळं आधीच ठरवून आणलं होतं: मुलाखतीत कसं बोलावं, याचे आणखी वर्ग. मुलांनी नुसती मान डोलवायची. चिमणीच्या डोक्यात तिडीक गेली.

“मॅडम, बोलायला नका शिकवू,” ती उठून म्हणाली. “कारखान्यात पिशव्याच शिवायच्या ना? मग मशीनवर बसवून बघा. मजुरी देऊन एक दिवस काम द्या. मालकांनी आम्हाला बघावं, आम्ही त्यांना.”

“कारखानेवाले दारात तरी उभं करतील का?”

“मी विचारून येते.”

बोलून तर बसली! घरी आईने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, “मी येतो सोबत.”

“नको. तू बोलायला लागलास की मी गप्पच बसते.”

बैठकीतला एक उंच पोरगा, लंबू, तिच्याबरोबर निघाला. बऱ्याच ठिकाणी फाटकावरूनच वाटेला लावलं. शेवटी दप्तरं शिवणाऱ्या कारखान्यातल्या मास्तरांनी ऐकून घेतलं.

“माझा अख्खा दिवस फुकट जाईल.”

“आणि नवा माणूस आठवड्यात पळून जातो, तेव्हा?” चिमणीने विचारलं.

मास्तर हसले. “बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. या सोमवारी.”

सोमवारी पाचसहा जण कामाला बसले. दुपारीच दोघं उठून चालते झाले. बघायला आलेल्या मॅडमचा चेहरा पडला. “फसलं गं.”

चिमणी धावत फाटकापर्यंत गेली, दोघांशी बोलून परतली. “फसलं कुठे? एकाचं गोंदाच्या वासाने डोकं उठतं, दुसऱ्याला दिवसभर बसवत नाही. आजच कळलं ते बरं झालं. पुढच्या वेळी आधी कारखाना दाखवू, मग ज्याचं त्याला ठरवू दे.”

संध्याकाळी मास्तरांनी लंबूला ठेवून घेतलं. चिमणीला नाही. “शिवण देखणी आहे पोरी, पण हात सावकाश. इथे नाही चालायचं.”

घरी ती उशीत तोंड खुपसून रडली. “जगाची सोय लावलीस, तुझं काय?” आईने विचारलं.

“माझंही बघते.”

सकाळी ती पुन्हा मॅडमसमोर उभी. जिथे घाई चालत नाही असं काम शोधायचं होतं. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एका बाईंकडे तिने दिवसभर काम केलं. बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून ये.”

आता प्रत्येक नव्या कारखान्याआधी मुलं आणि मॅडम एकत्र बसून तिथला दिवस कसा घ्यायचा ते ठरवतात. चिमणी त्या बैठकीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. परवा एक मालक कामाच्या त्या एका दिवसाची मजुरी द्यायला तयार होईना.

“मग तिथे कुणी जायचं नाही,” चिमणी म्हणाली.

मॅडमनी फोन उचलला आणि त्याला तसंच सांगितलं.