लाल दोऱ्याचा जोड

समजा, वैशाखातल्या उन्हात तुम्ही एका जुन्या विलायती गाडीच्या टपावर बसला आहात. गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच: आत पलंग, ओटा, न्हाणी. टपाचा पत्रा इतका तापलाय की खाली गोणपाट घातल्याशिवाय टेकता येत नाही. समोर एसी उघडून ठेवलाय. त्याचा पंखा फिरतो. कॉम्प्रेसर मात्र घुमतो, थरथरतो आणि गप्प होतो. चार दिवसांत तो चालायलाच हवा. तुम्ही कुठून सुरुवात कराल?

विमलताईंनी कंडेन्सरपासून केली, म्हणजे मोटर सुरू होताना तिला धक्का देणाऱ्या डबीपासून.

पांढरकवड्यात, केळापूरच्या रस्त्यावर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींमध्ये त्या नवी तार भरून देत. एसी हे काही त्यांचं रोजचं काम नव्हतं, पण 'शेवटी मोटरच ना ते' म्हणून त्या आल्या होत्या. ही २००७ सालची गोष्ट.

गाडी वामनरावांची. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं ती एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातून विकत आणली, पांढरी रंगवली, सगळं बायकोसाठी. शुभदाबाईंना मज्जातंतूंचा आजार. अंग तापलं की पाय लुळे पडत. सहा उन्हाळे त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि आता एकुलत्या एका मुलीचं, केतकीचं लग्न वणीला होतं. गाडी मांडवाला लावायची, हॉलमधून वीज घ्यायची आणि शुभदाबाईंनी थंड खोलीत पडून खिडकीतून अक्षता टाकायच्या, असा बेत होता. एसी चालला नाही तर आईविना लग्न.

"साहेब, हे गाडी तुमच्याहून म्हतारी हाय," विमलताई टपावरून म्हणाल्या. "अन् कुरकुरते बी जास्त."

घराच्या खिडकीतून शुभदाबाईंचा आवाज आला, "दोन्ही माझ्याच वाट्याला आलेत, विमलताई!"

कंडेन्सर फुगलेला निघाला. नवा घातला. कॉम्प्रेसर तरी घुमून गप्पच. विमलताईंनी मीटर लावला. घराच्या सॉकेटवर दोनशे पंचवीस व्होल्ट, पण कॉम्प्रेसर जोर लावायचा तेव्हा एसीपाशी जेमतेम एकशे सत्तर.

"पंचावन्न व्होल्ट जाऊन कुठं राह्यले?" त्या पुटपुटल्या आणि खाली उतरल्या.

अंगणातल्या मातीत त्यांनी एक सळई ठोकली, वर पाणी ओतलं. मीटरचं एक टोक सळईला, दुसरं गाडीच्या लोखंडी पायरीला. "साहेब, एसी लावा."

काटा पन्नासच्या वर गेला. पायरीत वीज उतरली होती.

"बंद करा! बंद करा म्हणते ना!"

वामनराव घाबरून आतून बाहेर आले. विमलताईंनी त्यांना पायरीपासून लांब उभं केलं. दोन पिनांचा प्लग स्वतः काढला आणि उलटा लावला. एसी बंदच होता. तरीही पायरीवर दोनशे पंचवीस.

ही गाडी वणीच्या मांडवाला लागणार होती. तिथं सगळे अनवाणी, खाली शिंपडलेलं पाणी. प्लग सुलटा की उलटा, हे मांडववाला थोडाच बघणार होता. आणि सगळ्यांत आधी त्या पायरीवर शुभदाबाईंचे लुळे पाय पडणार होते.

प्लग काढून त्यांनी पलंगाखालची फळी उचकटली. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार मध्येच तोडलेली होती. एसीकडून येणारं टोक बोल्टनं गाडीच्या पत्र्याला आवळलं होतं, प्लगकडचंही तसंच. म्हणजे तारेऐवजी अख्खी गाडीच वीज वाहत होती. दोन्ही जोड गंजले होते, प्लगकडचा तर फारच, म्हणून व्होल्ट गळत होते. जोडांवर लाल दोऱ्याचे तीन वेढे, वर वार्निश.

"कोणी केलं हे?" वामनराव ओरडले. "हात तोडले पाहिजेत त्याचे!"

विमलताई खाली बसल्या. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "हे घ्या, साहेब. हेच ते हात."

लाल दोरा ही त्यांची खूण. दुसऱ्यानं भरलेली मोटर कोणी गॅरंटीत आणून टाकू नये, म्हणून त्या आपल्या प्रत्येक जोडावर तो बांधत. चार वर्षांपूर्वी केळापूरच्या जत्रेत एका बियाणं कंपनीची सिनेमा दाखवणारी प्रचारगाडी आली होती, अंगभर कापसाची बोंडं रंगवलेली. आतली तार उंदरांनी कुरतडली, सिनेमा बंद पडला, लोक ओरडायला लागले. आमच्याकडे शेतात न्यूट्रल गेला की जमिनीत सळई ठोकून काम भागवतात. विमलताईंनीही तसंच भागवलं. सळईऐवजी गाडीचा पत्रा घेतला. तीच ही गाडी; पांढऱ्या रंगाखाली त्यांना ती ओळखू आली नव्हती. "आजच्यापुरतं हाय, उद्या तार बदला," असं ड्रायव्हरला बजावलंही होतं.

खिडकीतून शुभदाबाई म्हणाल्या, "अहो, आधी त्यांना पाणी द्या."

दोन दिवसांत विमलताईंनी सगळी तार बदलली, तीन पिनांचा प्लग बसवला, गळती होताच वीज तोडणारा स्विच लावला. एसी चालला. वणीला मांडवात कोणी पाऊल ठेवण्याआधी त्यांनी पायरीला मीटर लावला, काटा हलला नाही, तेव्हाच शुभदाबाईंना चढू दिलं. अक्षता खिडकीतून पडल्या.

लग्नानंतर विमलताई प्रचारगाडीच्या त्या ड्रायव्हरला शोधत फुलसावंगीला गेल्या. बाबूसिंग बाजेवर बसला होता.

"झिनझिन करायची ना गाडी," तो हसला. "पोरं तर मजेनं हात लावायची."

विमलताईंनी विचारलं, "अन् तार काहून नाही बदलली, दादा?"

"सिनेमा चालून राह्यला होता, मंग कायले बदलू? दोन वर्षं, दीडशेक गावं फिरलो."

"कोणी पडलं का?"

"गर्दी राहे, ताई. पडदा गुंडाळला का आमी पुढच्या गावाले."

हे मला सांगताना त्या दुकानात एका मोटारीत तार भरत होत्या. त्या दीडशे गावांतल्या चाळीसएक गावांत आजवर त्या स्वतः जाऊन विचारून आल्या आहेत. उरलेल्या गावांसाठी त्यांचा प्रश्न तोच आहे: गाडीला हात लावून पडलेलं कोणी, गाडी निघून गेल्यावर, मागं उठलंच नाही, असं झालं होतं का?